खुर्चीचं वजन

मंडळी, या विकांताचा विषय चौदाशे वर्षं जुना आहे. प्रश्न मात्र आजचा आहे आणि आपल्या सगळ्यांचा आहे. माणूस जसजसा वर जातो तसतसं त्याच्यापर्यंत खरं पोचणं कमी का होतं? आणि ते कमी होऊ नये म्हणून त्या माणसाला स्वतः काही करता येतं का?

आयटीत हे फार लवकर दिसतं, कारण इथे लोक फार लवकर वर जातात. काल शेजारी बसून "अरे, हे काय लिहून ठेवलंयस?" असं तोंडावर विचारणारा मित्र, तुम्ही टीम लीड झालात की "छान आहे, फक्त ही एक गोष्ट बघशील का?" वर येतो. तुम्ही मॅनेजर झालात की ती एक गोष्टही गळते आणि नुसतं "छान आहे" उरतं. वर्षभरापूर्वी मी लीड झालो, तेव्हापासून माझ्या कोडवर येणाऱ्या रिव्ह्यू कमेंट्स हळूहळू आटत गेल्या. माझा कोड वर्षभरात इतका सुधारला असं मानायला मला नक्कीच आवडेल :) पण लिहिणारा हात तोच आहे, बदलली ती खुर्ची.

अशा वेळी "पाय जमिनीवर ठेव" हा सल्ला सगळेच देतात. त्याची अडचण अशी की तो रिक्वायरमेंटसारखा असतो, डिझाइनसारखा नसतो. काय हवं ते सांगतो, कसं करायचं ते सांगत नाही. पाय जमिनीवर ठेवायचे म्हणजे सोमवारी सकाळी ऑफिसात जाऊन नक्की काय करायचं?

हे 'कसं' मला सगळ्यात जास्त सापडलं ते इस्लामचे दुसरे खलिफा उमर बिन खत्ताब यांच्या चरित्रात. म्हणून आज त्यांच्याबद्दल.

आधी व्याख्या

इस्लामी परंपरेत गर्वाला 'किब्र' म्हणतात. त्याची पहिली गोष्ट थेट माणसाच्या जन्माशी जोडलेली आहे. कुराणातल्या कथेनुसार ईश्वराने आदमला घडवलं आणि देवदूतांना त्याच्यापुढे झुकायला सांगितलं. सगळे झुकले, इब्लीस झुकला नाही. त्याचं म्हणणं असं की मी आगीपासून बनलो आणि हा मातीपासून, म्हणजे मी श्रेष्ठ. गंमत बघा, इब्लीस काही नास्तिक नव्हता. देव आहे हे त्याला चांगलंच माहीत होतं. तो बुडाला तो फक्त एका तुलनेपायी.

दुसरी गोष्ट हदीसमधली. पैगंबर मुहंमद यांनी एकदा सांगितलं की ज्याच्या मनात कणभरही गर्व आहे त्याला स्वर्गात प्रवेश नाही. तेव्हा कुणीतरी विचारलं की माणसाला चांगले कपडे आवडतात, चांगली पादत्राणं आवडतात, मग त्याचं काय? त्यावर उत्तर मिळालं की तो गर्व नव्हे, सौंदर्य ईश्वरालाही आवडतं. गर्व म्हणजे सत्य नाकारणं आणि लोकांना कमी लेखणं.

ही व्याख्या मला इंजिनिअर म्हणून फार आवडली. मनात काय वाटतं याच्या खोलात ती शिरतच नाही. कोणी खरं सांगितलं तर तुम्ही ते ऐकता का? समोरच्याला मोजता का? दोन्ही गोष्टी बाहेरून तपासता येतात. टेस्ट केसेस लिहिता येतील अशी व्याख्या आहे ही!

तिसरी गोष्ट यशाबद्दलची. इ.स. ६२२ मध्ये पैगंबरांना मक्का सोडून मदिनेला जावं लागलं होतं. आठ वर्षांनी, ६३० मध्ये, ते त्याच मक्केत विजेते म्हणून शिरले. जुने चरित्रकार सांगतात की त्या वेळी त्यांची मान इतकी खाली होती की दाढी खोगिराला टेकायला आली होती. कुराणातली 'नस्र' नावाची छोटीशी सूरह याच काळाशी जोडली जाते. अवघ्या तीन आयती. विजय मिळेल, लोक थव्याथव्याने तुमच्याकडे येतील, तेव्हा काय करायचं, तर ईश्वराची स्तुती आणि क्षमेची याचना. म्हणजे नेमकं सगळं मनासारखं झालेलं असताना क्षमा मागायची.

या सूरहवरून उमर यांची एक सुंदर आठवण बुखारींच्या हदीससंग्रहात आहे. खलिफा झाल्यावर ते बद्रच्या लढाईतल्या (इ.स. ६२४) ज्येष्ठ मंडळींच्या बैठकीत इब्न अब्बास या तरुणाला बसवत. ज्येष्ठांपैकी काहींना ते खटकलं. या वयाची तर आमची मुलं आहेत, हा इथे कशाला? उमर यांनी वाद घातला नाही. सगळ्यांना या सूरहचा अर्थ विचारला. कोणी म्हणालं, विजय मिळाल्यावर क्षमा मागावी एवढाच अर्थ. काही जण गप्प राहिले. इब्न अब्बास म्हणाले की पैगंबरांचं कार्य संपलं, आता जाण्याची वेळ जवळ आली, असा त्यात इशारा आहे. उमर म्हणाले, मलाही याचा हाच अर्थ ठाऊक आहे.

एका छोट्या प्रसंगात दोन गोष्टी आहेत. बैठकीतल्या सगळ्यात लहान माणसाला बोलायला जागा मिळाली ही एक. आणि यश म्हणजे मुक्काम नसून काम संपत आल्याची खूण आहे ही दुसरी.

उंट राखणारा मुलगा

उमर कुरैश जमातीचे, पण त्यांचं बनू अदी हे कूळ त्या जमातीत फार वजनदार नव्हतं. लहानपणी ते वडिलांचे उंट चारायचे, आणि वडील स्वभावाने कडक. तरुणपणी त्यांनी इस्लामला विरोध केला आणि मग तो स्वीकारला. ६३४ साली पहिले खलिफा अबू बकर वारले आणि उमर खलिफा झाले.

पुढची दहा वर्षं बघा. ६३६ मध्ये यर्मुकच्या लढाईत बायझंटाइन सैन्य हरलं आणि सीरिया हाती आला. पाठोपाठ कादिसियाची लढाई झाली आणि ससानी सम्राटांची राजधानी तेसिफोन पडली. ६४२ पर्यंत इजिप्त आलं, त्याच वर्षी निहावंदला इराणी सैन्याचा कणा मोडला. त्या काळातल्या दोन महासत्तांपैकी एक जवळपास संपली आणि दुसरीचे निम्मेअधिक श्रीमंत प्रांत गेले. आणि हे सगळं चालवणारा माणूस मदिनेत ठिगळं लावलेला अंगरखा घालून फिरायचा, असं परंपरा सांगते.

आयुष्यातल्या शेवटच्या हजहून परतताना ते दजनानच्या खोऱ्यातून जात होते. तिथे थांबून ते सोबतच्यांना म्हणाले की याच जागी मी वडिलांचे उंट राखायचो, थकेपर्यंत राबवायचे, कमी पडलो तर मारायचे, आणि आज माझ्या आणि ईश्वराच्या मध्ये कोणीही नाही. ही फुशारकी आहे की भीती? मला वाटतं भीतीच जास्त आहे. वर कोणी उरलं नाही म्हणजे चूक दाखवणारंही कोणी उरलं नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करून ठेवतो. या हकीकती ज्या ग्रंथांतून येतात त्यांचे कर्ते बरेच नंतरचे. बुखारी ८७० मध्ये वारले, बलाधुरी ८९२ मध्ये, तबरी ९२३ मध्ये. तोंडोतोंडी गोष्टी वाढतात. भर सभेत एका स्त्रीने उमर यांची चूक दाखवली आणि त्यांनी ती मान्य केली, ही गोष्ट फार लोकप्रिय आहे, पण तिची साखळी हदीसच्या अभ्यासकांनीच कच्ची ठरवली आहे, म्हणून ती इथे घेत नाही. शिया परंपरा उमर यांच्याकडे खूप वेगळ्या नजरेने बघते हेही खरं. शिवाय ते काही मवाळ संत नव्हते. हातात छडी असायची आणि दरारा असा की लोक समोर बोलायला कचरायचे. पण म्हणूनच त्यांच्या युक्त्या मला महत्त्वाच्या वाटतात. ज्याचा मुळात दरारा नाही त्याला नम्र राहायला काय लागतं?

रजिस्टरमधली जागा

राज्य वाढलं तसा मदिनेत पैसा यायला लागला. कुणाला किती वार्षिक भत्ता द्यायचा याची नोंद हवी म्हणून ६४० च्या सुमारास उमर यांनी एक रजिस्टर तयार करवून घेतलं. त्याला 'दिवाण' म्हणत. (आपल्या दिवाणी दाव्यातला दिवाण हाच, फारसीच्या वाटेने मराठीत आलेला.)

आता यादी म्हटली की क्रम आला. सुरुवात कुणापासून? लोक म्हणाले, तुमच्यापासूनच करा. उमर यांनी नकार दिला. पैगंबरांच्या घराण्यापासून सुरुवात करा, मग जो जितका जवळचा तितका वर, आणि उमरला ईश्वराने जिथे ठेवलंय तिथेच ठेवा. या क्रमात बनू अदी बरेच खाली गेले. कुळातली माणसं कुरकुरली, तर त्यांनाही त्यांनी झापलं.

सॉर्ट ऑर्डर ही किती राजकीय गोष्ट असते हे कुठल्याही ऑफिसातल्या माणसाला सांगायला नको. ईमेलमध्ये कुणाचं नाव आधी, स्लाइडवर कुणाचा फोटो वर! उमर यांनी आधी नियम ठरवला आणि मग स्वतःलाही तोच लावला. स्वतःसाठी वेगळी 'इफ' कंडिशन घातली नाही.

तसंच कालगणनेचं. सरकारी पत्रांवर साल नसल्यामुळे घोळ व्हायला लागला, तेव्हा ६३८ च्या सुमारास गणना कुठून सुरू करायची यावर चर्चा झाली. शेजारच्या इराणात वर्षं मोजायची ती राजाच्या राज्यारोहणापासून. इथे ठरलं हिजरतेपासून, म्हणजे ६२२ च्या त्या स्थलांतरापासून. खलिफाचं राज्यारोहण नाही, एखादी जिंकलेली लढाई नाही. मूठभर लोकांना घरदार सोडून जावं लागलं ते वर्ष. ही गणना पुढे पार आपल्या पेशवे दप्तरापर्यंत येऊन पोचली. जुन्या मराठी पत्रांच्या शेवटी 'छ' म्हणजे चंद्र असं लिहून पुढे रमजान, सवाल, जिल्काद असे महिने दिसतात, ते याच कालगणनेतले.

जेरुसलेमची पायरी

माझ्या मते या सगळ्यातली सर्वात हुशार गोष्ट जेरुसलेमची. ६३७-३८ च्या सुमारास शहराने शरणागती पत्करली, आणि परंपरेनुसार तिथले धर्मगुरू सोफ्रोनियस यांनी शहर खुद्द खलिफांच्याच स्वाधीन करायचं ठरवलं. पुढचा प्रसंग दहाव्या शतकातले अलेक्झांड्रियाचे ख्रिस्ती धर्मगुरू युटिकियस यांनी लिहून ठेवलाय, म्हणजे तो भक्ताने रंगवलेला नाही.

उमर येशूच्या समाधीच्या चर्चमध्ये बसले असताना नमाजाची वेळ झाली. सोफ्रोनियस म्हणाले, इथेच पढा. उमर बाहेर आले आणि पायऱ्यांवर एकट्याने नमाज पढले. नंतर कारण सांगितलं. मी आत नमाज पढलो असतो तर माझ्यानंतर मुसलमानांनी 'इथे उमरने नमाज पढला' म्हणून हे चर्च तुमच्याकडून घेतलं असतं.

इथे थांबून विचार करा. आत नमाज पढण्यात काहीच गैर नव्हतं, यजमानाने स्वतः आग्रह केला होता. साधारण नम्र माणूस आग्रहाचा मान राखून आत पढला असता. पण उमर यांनी हिशेब केला की माझी कृती आता माझ्यापुरती राहिलेली नाही. मी जे सहज करेन त्याचा उद्या नियम होईल. आणि त्यांचा अंदाज किती अचूक होता बघा. चर्चच्या शेजारी आजही उमर यांच्या नावाची मशीद उभी आहे, बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली. ते जिथे पढले त्या आठवणीचीच मशीद झाली. फक्त ती चर्चच्या बाहेर आहे.

'मी कोण लागून गेलो?' असं म्हणणारी नम्रता आपल्याला ओळखीची आहे. जेरुसलेमची नम्रता बरोबर उलटी. तिला आपलं वजन किती आहे ते नेमकं ठाऊक आहे, आणि ठाऊक आहे म्हणूनच ती पाऊल जपून टाकते. ज्या मॅनेजरला वाटतं की 'मी तर नुसतं सहज म्हणालो', त्याच्या त्या सहज वाक्यावर एखाद्या टीमचा शनिवार-रविवार जातो!

सेनापती आणि दार

यर्मुकच्या विजयाचा शिल्पकार खालिद बिन वलीद. तो एकही लढाई हरला नव्हता. उमर यांनी सत्तेवर येताच त्याच्या जागी अबू उबैदा यांना सीरियाचे सरसेनापती केलं, आणि ६३८ च्या सुमारास खालिदला पूर्णच बाजूला केलं. निमित्त होतं एका सरदाराला दिलेल्या दहा हजार दिरहमच्या बक्षिसाचं. पण तबरींनी दिलेल्या हकीकतीनुसार उमर यांनी प्रांतोप्रांती कळवलं की मी खालिदला रागाने किंवा विश्वासघातासाठी काढलेलं नाही. लोक त्याच्यावर भाळले होते, त्याच्यावरच विसंबून राहतील अशी भीती होती. विजय देणारा ईश्वर आहे हे त्यांना कळावं, एवढाच हेतू.

आपल्या भाषेत सांगायचं तर खालिद 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' झाला होता. अर्थात यामागे हिशेबातली कुरबुर आणि जुने मतभेदही होते असं म्हणणारे इतिहासकार आहेत, आणि माणसं म्हटल्यावर तेही असणार. पण मला खालिदचं वागणं जास्त थक्क करतं. सैन्य त्याच्यावर जीव टाकत होतं. त्याने बंड केलं असतं तर? त्याने केलं नाही. पद गेल्यावरही तो अबू उबैदांच्या हाताखाली लढला. चढताना नम्र राहणं एकवेळ जमतं, उतरवल्यावर राहणं महाकठीण. आणि त्याच्याशिवायही इजिप्त आलं, निहावंद झालं.

दुसरा किस्सा साद बिन अबी वक्कास यांचा. कादिसियाचे विजेते, कुफा शहर वसवणारे. त्यांचं निवासस्थान बाजाराला लागून होतं. गोंगाट फार, म्हणून त्यांनी दार बसवलं. लोक त्याला 'सादचा वाडा' म्हणायला लागले. बातमी मदिनेला पोचली. उमर यांनी मुहंमद बिन मस्लमा या आपल्या विश्वासू तपासनिसाला पाठवलं, आणि त्याने जाऊन ते दार जाळलं! निरोप असा की लोकांना आत येण्यापासून अडवणारं दार तुमच्या घराला नको.

हे एकेकटे झटके नव्हते, पद्धत होती. सुभेदार नेमताना त्याच्या मालमत्तेची यादी करून ठेवायची. अटी घालायच्या: उंची घोड्यावर बसायचं नाही, बारीक पिठाची भाकरी खायची नाही, मऊ तलम कपडे घालायचे नाहीत, गरजूंना दार बंद करायचं नाही. दरवर्षी हजला सगळ्या प्रांतांतले लोक जमत, तिथे सुभेदारांनाही बोलवायचं आणि लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकायच्या. ६३९ मध्ये अरबस्तानात मोठा दुष्काळ पडला, तेव्हा लोकांना मिळेपर्यंत उमर यांनी स्वतः तूप खाणं सोडलं. लोकांना जे सोसावं लागतं ते मला लागलं नाही तर त्यांची काळजी मला कळणार कशी, हा त्यामागचा विचार.

मुआवियाचा मुद्दा

आता दुसरी बाजू. उमर सीरियाला गेले तेव्हा तिथले सुभेदार मुआविया मोठ्या लवाजम्यासह सामोरे आले. उमर यांनी कान उघाडणी केली. मुआवियांनी शांतपणे सांगितलं की इथे शत्रूचे हेर फार आहेत, सत्तेचा रुबाब दिसला नाही तर धाक राहत नाही. तुम्ही म्हणाल तर बंद करतो. उमर यांनी मान्यताही दिली नाही आणि मनाईही केली नाही. हे खरं असेल तर शहाण्याचं मत आहे, खोटं असेल तर चतुराची युक्ती, अशा अर्थाचं काहीतरी म्हणून पुढे गेले.

मुआवियांचा मुद्दा फेटाळण्यासारखा नाही. मोठ्या क्लायंटसमोर सूट घालून जावं लागतं हे आपल्यालाही कळतं. आणि हदीसमधली ती व्याख्या आठवा, कपड्यांवर काहीच अडत नाही. अडतं ते पुढे. आज शत्रूला दाखवण्यासाठी उभा केलेला रुबाब उद्या आपल्याच लोकांसमोर उभा राहतो. ६६१ मध्ये मुआविया स्वतः खलिफा झाले आणि त्यांनी हयातीतच मुलाला, यजीदला, वारस नेमलं. तिथून खिलाफत घराण्याची झाली. रुबाब हे त्याचं एकमेव कारण नव्हतं. पण एक कारण एकदा पटलं की पुढची कारणं आपोआप पटत जातात, हे मात्र दिसतं.

दुसऱ्यांदा विचारा

नोव्हेंबर ६४४. मदिनेच्या मशिदीत पहाटेच्या नमाजात फिरोज नावाच्या इराणी गुलामाने उमर यांना भोसकलं. जखम जीवघेणी आहे हे कळल्यावर त्यांनी भराभर कामं उरकली. कर्जाचा हिशेब करायला लावला, तो छ्याऐंशी हजारांच्या आसपास निघाला, आणि तो फेडायची जबाबदारी मुलावर टाकली. पुढचा खलिफा निवडायला सहा जणांची समिती नेमली. त्यांत साद होते, ज्यांचं दार जाळलं होतं तेच. स्वतःचा मुलगा अब्दुल्ला सल्ल्याला बसेल, पण त्याला पद मिळणार नाही, हेही सांगितलं.

मग त्यांनी अब्दुल्लाला पैगंबरांच्या पत्नी आयेशा यांच्याकडे पाठवलं. पैगंबर आणि अबू बकर यांच्या कबरी आयेशांच्या खोलीत होत्या, आणि तिथे उमर यांना जागा हवी होती. निरोप नीट समजावून दिला. उमरने सलाम सांगितलाय असं म्हण. 'अमीरुल मोमिनीन', म्हणजे श्रद्धावंतांचा प्रमुख, असं म्हणू नकोस, आज मी कोणाचा प्रमुख नाही. आयेशा रडत होत्या. ती जागा त्यांनी स्वतःसाठी ठेवली होती, तरी त्या हो म्हणाल्या.

उमर यांना आनंद झाला. पण ते तिथे थांबले नाहीत. मी मेल्यावर मला उचलून तिच्या दारात न्या आणि पुन्हा एकदा विचारा. हो म्हणाली तर आत न्या, नाही म्हणाली तर सगळ्यांच्या कब्रस्तानात पुरा. दुसऱ्या एका जुन्या वृत्तांतात कारणही दिलंय: तिने कदाचित माझ्या सत्तेच्या दबावाखाली हो म्हटलं असेल.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक बंद करून नुसता बसून राहिलो.

किराणा दुकानात तेल घेताना दुकानदार आधी रिकाम्या डब्याचा धडा करतो. डब्याचं वजन वजा करतो, मग उरतं ते तेल. सत्ता असलेल्या माणसाला मिळणारं प्रत्येक 'हो', प्रत्येक कौतुक, प्रत्येक आमंत्रण हे डब्यासकट येतं. उमर यांनी आयुष्यभर डब्याचा धडा केला. रजिस्टरमध्ये केला, जेरुसलेमच्या पायरीवर केला आणि शेवटी स्वतःच्या मरणाचाही केला. जिवंत उमरला मिळालेल्या होकारात खुर्चीचं वजन किती ते कळायला मार्ग नाही, म्हणून खुर्ची गेल्यावर पुन्हा विचारा.

तर सोमवारी सकाळी करायचं काय, याचं माझ्यापुरतं उत्तर एवढंच. आमच्या डिझाइन मीटिंगमध्ये आता सगळ्यात नवीन माणूस आधी बोलतो आणि मी शेवटी. पहिल्या दोन आठवड्यांत नुसती शांतता होती. तिसऱ्या आठवड्यात, नोकरीला लागून चार महिनेही न झालेल्या एका मुलीने तासभर चाललेल्या चर्चेचा पायाच कसा चुकीचा आहे ते दोन वाक्यांत सांगितलं. ही काही थोर नम्रता वगैरे नाही, साधं वजन-माप आहे. पण मोठ्या मनापेक्षा साधं माप रोज वापरायला सोपं जातं.

बाकी त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. अंत्ययात्रा आयेशांच्या दाराशी थांबली. अब्दुल्लांनी सलाम केला आणि उमर परवानगी मागतोय असं म्हणाले. आता त्या घरातल्या बाईला कोणाचीच भीती नव्हती.

त्या म्हणाल्या, आत आणा.